रेघेच्या वर उमटलेला हात

आगबोटीवर चढायच्या आधी मी तिची रेघ बघितली. पडाव (किनाऱ्यावरून आगबोटीपर्यंत नेणारी होडी) लाटेवर वरखाली होत होता, बायका पोरांना नि बोचक्यांना घट्ट धरून बसल्या होत्या, वरचा खलाशी "आजी, हात द्या, हात द्या" म्हणून ओरडत होता, आणि मी मान वर करून आगबोटीच्या काळ्या पोटावरचा पांढरा गोल शोधत होते. सापडला. गोल, आणि मधून गेलेली आडवी रेघ. पाण्याच्या चांगली हातभर वर. मग दिला हात.

ज्यांचा दर्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. माल वाहणाऱ्या प्रत्येक जहाजाला अशी रेघ असते. ती पाण्याखाली गेली की समजायचं, पोटात झेपेल त्यापेक्षा जास्त भरलंय. तसं जहाज बंदरातून सोडायचं नाही, असा कायदा आहे. आमच्या 'रामेश्वरप्रसाद' गलबतालाही रेघ आहे, बंदर कचेरीच्या माणसाने पटाशीने कोरून दिलेली. दर वर्षी नारळी पौर्णिमेच्या आधी गलबत झापांखालून (पावसाळ्यात वर घालतात ते नारळाच्या पातींचं छप्पर) बाहेर निघालं की त्या खाचेत पांढरा रंग भरायचं काम माझं. सासूने लग्नाच्या पहिल्याच वर्षी माझ्या हातात ब्रश दिला. शाळेत मी कधी गेले नाही, अक्षरं पुढे मुलाच्या पुस्तकातून शिकले. पण रेघ मला त्याच्या आधीपासून वाचता येते.

आमचे हे गेल्यावर गलबत माझ्या नावावर झालं आणि मुलगा दत्ताराम त्यावर तांडेल (गलबताचा मुख्य) झाला. आणि एके दिवशी टपालाने नोटीस आली. इंग्रजीत. आमच्या गावात इंग्रजी वाचणारे एक मास्तर आणि दुसरे कुणी नाही. मास्तरांनी चष्मा पुसला, वाचलं, परत पुसला.

"वहिनी, गलबत मुंबईत अडवून ठेवलंय. रेघेच्या वर भरलेलं सापडलं. दत्तूचा परवाना का रद्द करू नये ते मालकाने हजर होऊन सांगावं, असं आहे."

"माल कुणाचा होता?"

"ते नाही लिहिलेलं."

ते मला दोन दिवसांनी दत्ताच्या पत्रातून कळलं. माल सरकारचा होता. आमच्याच खाडीत सरकार नवा धक्का बांधत होतं, त्याचं सिमेंट. पत्राच्या खाली लिहिलं होतं, 'तू येऊ नको.' मी त्याच दिवशी बोचकं बांधलं.

मुंबई पहिल्यांदा दिसली ती सकाळच्या उन्हात, धुरांड्यांची. भाऊच्या धक्क्यावर दत्ता उभा होता. दाढी वाढलेली, डोळे आत गेलेले.

"आये, तू कित्याक इलंस?" (कशाला आलीस?)

"नोटीस माझ्या नावान हा, तुझ्या नाय," मी म्हटलं आणि बोचकं त्याच्या डोक्यावर दिलं. त्याला काहीतरी वाहायला दिलं की तो बरा होतो, लहानपणापासून.

ट्रामने लालबागला आलो. माझी भाची सुलू तिथे चाळीत राहते, नवरा गिरणीत. एका खोलीत सात माणसं, आणि तरी मी आले तर सुलूने दारातच मिठी मारली. जिन्याच्या भिंतीवर कुणीतरी कोळशाने वीतवीत अक्षरं काढली होती, 'मुंबई आमची'. तेव्हा द्विभाषिकाचं (मराठी नि गुजराती मुलूख एकत्र असलेलं) राज्य होतं आणि लालबागेत दुसरा विषय नव्हता. नळावर तोच, भाजीवालीपाशी तोच. सुलूने बांगड्याचं तिखलं केलं होतं, त्रिफळं घालून. मुंबईच्या पाण्यात शिजवलेलं, पण हात आमच्याच घरचा. दत्ता नुसता भात चिवडत होता.

"खा की रे," सुलू म्हणाली, "परवाना गेला म्हणून घास पण गेला काय?"

मग मी त्याला पहिल्यापासून सांगायला लावलं. लकडी बंदरात सिमेंट भरत होते. रेघ पाण्याला टेकली तशी दत्ताने हात वर केला. सिमेंटच्या कचेरीचा साहेब धक्क्यावर होता. तो म्हणाला, अजून भर. दत्ता म्हणाला, रेघ बुडेल. तर साहेब हसला. म्हणाला, "अरे, सरकारचा माल आहे. सरकारला सरकार अडवणार आहे का?"

"मग तू काय केलंस?"

"हात लावून घेतला."

इथे थांबून सांगायला हवं. आमच्याकडे गलबतावर एक जुनी रीत आहे. माल लादणारा ऐकेना, अजून भरा अजून भरा करायला लागला, की तांडेल भांडत नाही. चुना आणि मुशीचं (शार्क माशाचं) तेल कालवून वाडगा पुढे ठेवतो नि म्हणतो, लावा हात. लादणाऱ्याने त्यात पंजा बुडवून रेघेच्या वर, फळीवर उमटवायचा. म्हणजे काय, तर हा जास्तीचा भार माझ्या सांगण्यावरून आहे, काही झालं तर दर्याने मला विचारावं. गलबत सुखरूप पोचलं की त्याच माणसाने येऊन शहाळ्याच्या पाण्याने तो पंजा धुवायचा. दुसऱ्या कुणी धुवायचा नाही. आमच्याकडचे व्यापारी वाडगा बघितला की मुकाट्याने पोती उतरवून घेतात. माझ्या उभ्या आयुष्यात मी फळीवर दोनच पंजे पाहिलेत.

या साहेबाला वाटलं, पूजा आहे. "माझा हात शुभ आहे हो," म्हणाला नि हसत हसत उमटवला.

आणि दत्ताची चूक तीच. त्याला वाटलं, हात लावला म्हणजे साहेबाला सगळं कळलं, साहेबाने जबाबदारी घेतली. त्याने गलबत सोडलं. बंदराच्या तोंडाशी बंदर कचेरीच्या तपासनिसाने बघितलं, रेघ पाण्याखाली. गलबत मागे आणलं, पोती उतरवली, परवाना काढून घेतला. सिमेंटच्या कचेरीने लिहून दिलं, आम्ही माल दिला, किती भरायचा ते तांडेलाने बघायचं.

मी दत्ताला तिथल्या तिथे झापलं. "तुझा काका कौलांनी भरलेल्या गलबतावर गेला, ठाऊक आहे ना? रेघ तेव्हाही होती. आपली बुडाली तेव्हा तू धक्क्यावर उतरून बसायचं होतंस. हात लावून घेतल्याने पाणी थांबतं होय?" पण मला राग त्याचा कमी नि त्या कागदाचा जास्त येत होता. सगळं लिहिलं होतं त्या नोटिशीत, गलबताचं नाव, दत्ताचं नाव, वेळ, वार. माल सरकारचा होता, एवढं एकच वाक्य गिळलं होतं.

दुसऱ्या दिवशी गिरगावात निघाले. तिथे नानासाहेब राहतात. मुंबईतलं जुनं घराणं, तीन पिढ्या कारकुनीतल्या, आणि नानासाहेबांचा जन्म जहाजांचे कागद लिहिण्यात गेलेला. आमचे हे दर वर्षी त्यांना हापूसची पेटी पोचवायचे. ट्राम भायखळ्यापर्यंत आली आणि थांबली. पुढे मोर्चा होता. बायका, म्हातारे, गिरणीच्या कपड्यांतली माणसं, रस्ता भरून. कंडक्टर म्हणाला, "आजी, आता पाय." पायांनी निघाले तर अर्ध्या वाटेत वहाणेचा अंगठा तुटला. एका हातात वहाण नि दुसऱ्यात नोटीस घेऊन मी त्या मोर्च्याच्या कडेकडेने चालले. मला तर वाटलं, सगळे माझ्याच कामाला निघालेत. एका पोरीने विचारलं सुद्धा, "आजी, तुम्ही कुठल्या गटात?" म्हटलं, "रेघेच्या." ती हसून पुढे गेली.

गिरगावात चांभाराने अंगठा शिवून दिला. नानासाहेब आरामखुर्चीत होते, पांढरं धोतर, पायावर शाल. सूनबाईंनी चहा आणि खारी आणली. नानासाहेबांनी नोटीस वाचली नि तोंड वाकडं केलं.

"भाषा माझ्या वेळचीच आहे. माणसं बदलली, मसुदा तोच." मग कपाटातून एक जाड पुस्तक काढलं, वाळवी लागलेलं, आणि बोट फिरवत गेले. "हे बघा वहिनी. लादणारा आणि हाकणारा, दोघांची जबाबदारी."

"सरकारचा माल असेल तर?"

त्यांनी ते पान दोनदा वाचलं, मागचं वाचलं, पुढचं वाचलं. "सरकारचा माल वगळून, असं कुठेही नाही."

"म्हणजे कायदा सरकारलाही आहे?"

"आहे. फक्त सरकारला तो कुणी वाचून दाखवत नाही." त्यांनी तो उतारा मला मराठीत करून दिला, सुवाच्य अक्षरात, खाली सही करून. मी तो चोळीत ठेवला. निघताना म्हणाले, "पण सांभाळून. तुम्हाला न्याय पाहिजे की परवाना, ते आधी ठरवून जा. दोन्ही एका टेबलावर मिळत नाहीत."

त्या वाक्याने मला घरी येईपर्यंत छळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दत्ताला घेऊन बंदर कचेरीत गेले. उंच छत, मोठे पंखे, आणि भिंतीवर कुठल्यातरी जहाजाचं चित्र. साहेब पन्नाशीचे, दमलेले. मराठी माणूस. दाराकडे बघत म्हणाले, "मालक कुठे आहेत?"

"समोर उभी आहे."

"बाई, तुमचे यजमान..."

"ते वारले. गलबत माझ्या नावावर आहे, तुमच्याच कचेरीच्या शिक्क्याने."

त्यांनी मला बसायला सांगितलं, हे मानायला हवं. मग एक तयार कागद पुढे सरकवला. "हे बघा, मी वाईट माणूस नाही. यावर सही करा. आज परवाना परत देतो. नाही केलीत तर चौकशी लागेल, आणि चौकशीत तो कायमचा जाईल. मुलगा पुन्हा कुठल्याही गलबताचा तांडेल होणार नाही."

"मराठीत वाचून दाखवा."

त्यांनी वाचलं. तांडेलाने स्वतःच्या मर्जीने, कुणीही न सांगता, रेघेच्या वर माल भरला. पुन्हा असं होणार नाही.

"यात माल कुणाचा ते नाही."

"त्याची गरज नाही."

"मग रेघेची तरी गरज काय, साहेब?"

दत्ता माझ्या मागे उभा होता. वाकून कानाशी म्हणाला, "आये, कर सही. माका दुसरा काय येता?" (मला दुसरं काय येतं?) आवाज असा की मी टाक उचलला. खोटं कशाला सांगू, उचलला. पोराला दर्याशिवाय काही येत नाही, हे मला माहीत नाही तर कुणाला? शाईत बुडवला. पण 'कुणीही न सांगता' हे शब्द माझ्या हातून पुढे जाईनात. उद्या दुसरं गलबत, दुसरा तांडेल, तोच साहेब, तेच सिमेंट. आणि त्या वेळी तपासनिसाची नजर चुकली तर?

टाक खाली ठेवला.

"माझ्या पोराची चूक आहे. रेघ बुडलेली बघून त्याने गलबत सोडलं, त्याला शिक्षा करा, मी हूं का चूं करणार नाही. पण दोघांची चूक आहे तर दोघांची लिहा." आणि नानासाहेबांचा कागद मी टेबलावर उलगडला. "की सरकारी सिमेंट पाण्यापेक्षा हलकं असतं?"

कोपऱ्यातला कारकून फिस्सकन हसला नि खोकल्यासारखं केलं. साहेबांचा चेहरा लाल झाला.

"सरकार स्वतःचा माल बुडवायला पाठवेल का, बाई?"

"बुडवायला कुणीच पाठवत नाही. माझा दीर गेला त्या गलबताच्या व्यापाऱ्यानेही नव्हतं पाठवलं."

साहेब बराच वेळ तो उतारा वाचत राहिले. मग विचारलं, "लादणाऱ्याने सांगितलं याला पुरावा काय? तोंडी चालणार नाही."

"गलबतावर आहे. चला बघायला."

"आम्ही कागद बघतो, बाई."

"कागद गलबतातून निघालाय ना? मग मूळ बघा."

आले. का आले ते मला अजून नीट कळलेलं नाही. कंटाळले असतील, किंवा तो कारकून हसला ते झोंबलं असेल. निरोप धाडून सिमेंटवाल्या साहेबालाही लकडी बंदरात बोलावून घेतलं.

दुपारचं ऊन, लाकडाचा नि सुक्या मासळीचा वास, आणि आमचं 'रामेश्वरप्रसाद' रिकामं, उंच तरंगत. रेघ स्वच्छ दिसत होती, मीच भरलेली. आणि तिच्या वर, फळीवर, पाच बोटांचा पांढरा पंजा. चुना नि तेल एकदा लाकडात मुरलं की नुसत्या लाटांनी जात नाही.

मी रीत सांगितली. बंदरसाहेबांनी ऐकून घेतली. सिमेंटवाला साहेब तरुण होता, इस्त्रीची पँट, केसांना तेल. म्हणाला, "हा हात कुणाचाही असेल. खलाशाचा असेल. यांच्या काय रीती असतात, आपल्याला काय माहीत?"

"तुमचा नाही ना?" मी म्हटलं. "मग झालं की." दत्ताला वाडगा आणायला सांगितला. चुना कालवलेला होताच. "लावा इथे बाजूला. बघू आपण. नसला तुमचा तर मी आत्ता सही करते."

त्याने दोन्ही हात पँटच्या खिशात घातले.

हमाल थांबले होते, शेजारच्या गलबतावरचे खलाशी काठावर येऊन बसले होते. एकजण ओरडला, "काय साहेब, पूजा नाय करूची?" ऊन असं की कपाळावरचा घाम सिमेंटवाल्याच्या डोळ्यात उतरला. तो डोळे मिचकावत राहिला, पण पुसायला हात बाहेर आला नाही. बंदरसाहेबांनी आपली वही नि पेन्सिल त्याच्यापुढे धरली. "माल तुमच्या कचेरीचा होता, एवढ्याची तरी सही करा." तरी हात बाहेर येईना.

बंदरसाहेबांनी वही मिटली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तो सकाळचा कागद राहू द्या."

आता सगळं गोड झालं असं वाटत असेल तर नाही झालं. दत्ताचा परवाना दोन महिने बंद. मी शब्द दिला होता, हूं का चूं केलं नाही, पण भर हंगामातले दोन महिने होते, गिळताना घशाला लागले. आणि सिमेंटच्या कचेरीचं काय? तर, "वर लिहितो." खातं खात्याला लिहिणार. माझ्या पोराचं त्याच दिवशी, तिथल्या तिथे, आणि त्यांचं वर! हे वर म्हणजे कुठे, मी विचारलं. साहेबांनी कपाळाला हात लावला. पण नवीन कागदात त्यांनी माल सरकारचा, भार लादणाऱ्याच्या सांगण्यावरून, हे दोन्ही लिहिलं आणि मला मराठीत वाचून दाखवलं. मी सही केली.

पोती परत भरली तेव्हा तपासनीस धक्क्यावर उभा होता. मी त्याच्या शेजारी उभी राहिले. रेघ पाण्यापासून चार बोटं राहिली तसा तो म्हणाला, "अजून चालतील." मी म्हटलं, "रेघ टेकेपर्यंत भरायला ती काय खेळात शिवायची खूण आहे?" तो हसला, पण थांबवलं. उरलेली पोती धक्क्यावरच राहिली. सरकारने दुसरं गलबत बघावं.

सुलूने निघताना वाटेसाठी घावणे बांधून दिले. म्हणाली, "मावशे, आपलं राज्य आलं ना, की असं काही राहणार नाही बघ."

"येऊ दे गो. त्याच्यासाठी तुम्ही रस्त्यावर उतरता, मला कौतुक आहे. पण आलं की पहिल्या दिवशी त्यालाही रेघ दाखवायला मी येणार."

परत आगबोटीने नाही गेले. आमच्या गलबतानेच गेले. गावचाच एक म्हातारा तांडेल सुकाणूवर होता, आणि दत्ता नाळीवर (गलबताच्या पुढच्या टोकावर) उतारूसारखा बसलेला, हात मांडीखाली धरून, उगाच शिडाच्या दोराकडे जाऊ नयेत म्हणून. वारा बेताचा होता. मी काठावरून वाकून वाकून बघत होते. भरलेल्या गलबताची रेघ पाण्यावर दिसत राहते, ती बघताना जिवाला कसं बरं वाटतं ते किनाऱ्यावर बसून सांगता येणार नाही. रेघेच्या वर तो पंजा लाटेबरोबर ओला व्हायचा नि वाळायचा.

धक्का बांधून झाला. मी त्यावरून रोज जाते, चांगला आहे, उगाच नावं ठेवत नाही. 'वर' लिहिलेल्याचं उत्तर एकदा आलं, इंग्रजीत. मास्तरांनी वाचलं, प्रकरण विचाराधीन आहे.

पुढे नारळी पौर्णिमेच्या आधी गलबत झापांखालून निघालं. दत्ताने फळ्यांना तेल लावलं, मी खाचेत पांढरा रंग भरला. पंज्यापाशी येऊन तो थांबला.

"आये, आता पुसू?"

"तुझो हात हा तो?" (तुझा हात आहे तो?)

त्याने पंज्याच्या कडेकडेने तेल लावलं नि पुढे गेला. गलबत सुटताना मी त्याला एक शहाळं दिलं. दर खेपेला देते. सांगून ठेवलंय, लकडी बंदरात तो साहेब दिसला की त्याच्या पुढ्यात ठेव, बोलू नको काही. त्याचं काय करायचं असतं, ते आता त्याला माहीत आहे.